प्लॅन 200 चा, डोंगलवर 40, केबलवर 94: गडबड कुठेय

तुम्ही लिहिलंय की प्लॅन 200 एमबीपीएसचा (सेकंदाला 200 मेगाबिट), मोबाइलला त्याच खोलीत वायफायवर 180 मिळतंय, पण कॉम्प्युटरला यूएसबीत लावलेल्या वायफाय डोंगलवर 40 आणि केबल लावली तर 94 च्या वर जातच नाही. अहो मग निम्मं उत्तर तुम्हीच दिलंत. मोबाइलला 180 येतंय म्हणजे बाहेरची लाइन ठीक आहे, कस्टमर केअरला फोन लावून तास घालवू नका. आणि डीएनएस बदलून फरक पडला नाही म्हणताय, तो पडणारच नव्हता, डीएनएस फक्त साइटच्या नावावरून पत्ता शोधून देतं, एकदा डाउनलोड सुरू झालं की त्याचा काही संबंध उरत नाही, तरी जो तो हाच सल्ला देत सुटतो.

टेस्टमध्ये 40 पण डाउनलोड 5 नेच होतंय ही तुमची वेगळी तक्रार आहे ना, ती तक्रारच नाही. टेस्ट मेगाबिट दाखवते, ब्राउझर मेगाबाइट, 8 बिटचा एक बाइट, हिशोब बरोबर जुळतो.

खरी गंमत त्या 94 मध्ये आहे. केबलवर स्पीड 94-95 ला अडकला की बहुतेक वेळा लिंकच, म्हणजे राउटर आणि कॉम्प्युटरमधली जोडणीच, 100 ची लागलेली असते, वरचे पाच-सहा पॅकेटच्या हेडरमध्ये, म्हणजे डेटाच्या प्रत्येक तुकड्यावरच्या पत्त्यासारख्या माहितीत जातात. गिगाबिटला, म्हणजे 1000 च्या लिंकला, केबलमधल्या आठही वायर लागतात, 100 ला चारच पुरतात, त्यामुळे एखादी वायर तुटली किंवा टोकाचा प्लग वायरींवर नीट दाबून बसवलेला (क्रिम्प) नसेल तर दोन्ही बाजू गुपचूप 100 वर येतात, एरर वगैरे काही येत नाही, नेट चालू असतं म्हणून कुणाला शंकाही येत नाही. विंडोजच्या नेटवर्क सेटिंगमध्ये इथरनेटवर क्लिक करून लिंक स्पीड बघा, 100/100 दिसलं तर पहिले केबल बदला, कॅट 5ई किंवा कॅट 6, तयार प्लगवाली घ्या. केबल बदलूनही तेच आलं तर राउटरचा दुसरा पोर्ट लावून बघा. तरीही नाही तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये लॅन कार्डच्या अॅडव्हान्स्ड टॅबमध्ये स्पीड अँड डुप्लेक्स असतं, तिथे ऑटो ठेवा, आणि त्या यादीत 1 जीबीपीएसचा, म्हणजे गिगाबिटचा पर्यायच नसेल तर कार्ड बहुतेक 100 चंच असणार, तसं असेल तर त्याला इलाज नाही, नवीन टाका.

डोंगलला उगाच शिव्या देऊ नका. बॉक्सवरचं 150 हे कागदावरचं, ते पण 40 मेगाहर्ट्झचा रुंद चॅनल मिळाला तर. राउटर वायफायच्या 2.4 गिगाहर्ट्झ बँडवर बहुतेकदा 20 मेगाहर्ट्झवर चालतो, तेव्हा एका अँटेनाच्या डोंगलची लिंक 72 ची लागते आणि हातात 40 च्या आसपास येतं, म्हणजे तुमचं डोंगल तब्येतीने काम करतंय. तुमचा मोबाइल बहुतेक 5 गिगाहर्ट्झच्या बँडवर असणार, म्हणून त्याला 180. वायफायच वापरायचं असेल तर दोन्ही बँडवालं डोंगल घ्या आणि कॅबिनेटच्या मागे खुपसू नका, यूएसबी 3 च्या पोर्टमुळे 2.4 मध्ये भरपूर नॉइज येतो, छोटी एक्स्टेंशन वायर लावून बाहेर काढा. पण केबलचं जमलं तर हे सगळं सोडाच.

राहिली तुमची शेवटची तक्रार, संध्याकाळी इंटरनेटवरचा कॉल तुटतो ती. टेस्ट चांगली येते तरी कॉल अडकतो म्हणजे मला अपलोडचा संशय आहे, मोबाइलचे फोटो नाहीतर कॉम्प्युटरचा क्लाउड बॅकअप त्याच वेळी सुरू होत असेल, अपलोड भरलं की राउटरमध्ये रांग लागते आणि कॉलची पॅकेटं त्या रांगेत तुंबतात. कॉल अडकेल तेव्हा कमांड प्रॉम्प्टमध्ये आधी राउटरला पिंग करा (म्हणजे उत्तर यायला किती वेळ लागतो ते बघा), मग 8.8.8.8 ला, तो गूगलच्या सर्व्हरचा पत्ता आहे. केबलवर राउटरला 1 मिलिसेकंद आणि बाहेर एकदम शेकड्यात गेलं तर बॅकअप थांबवून परत बघा, आकडा लगेच खाली आला की चोर सापडला. बॅकअप अॅपमध्ये अपलोडला लिमिट लावता येतं, ते लावा, आणि विंडोज अपडेटच्या डिलिव्हरी ऑप्टिमायझेशनमधलं दुसऱ्या कॉम्प्युटरना डाउनलोड देणं पण बंद करा.

केबल बदलल्यावर लिंक स्पीड किती दाखवतो ते सांगा, 100 वरच अडलं तर लॅन कार्डचं आणि राउटरचं मॉडेल पण लिहा, मग बघू.