कोंबडी, अंडी आणि अँटिबायोटिक : वाचकांचे प्रश्न

थंडी सुरू झाली की इंदूरच्या घरांमधून अंड्या-चिकनबद्दल तेच प्रश्न पुन्हा येऊ लागतात. बरेचसे व्हॉट्सअॅपवरून उचललेले असतात. पण या वेळी एक प्रश्न थेट कोंबड्यांच्या शेडवरून आला आहे, म्हणून त्याला जास्त जागा देतो.

चिकन भरपूर शिजवलं की कोंबडीला दिलेल्या अँटिबायोटिक औषधाचा अंश निघून जातो ना? (सुदामा नगर)

जंतू मरतात, औषध पूर्ण जात नाही. म्हणून काळजी शेडवरच घ्यावी लागते. आणि कच्चं चिकन नळाखाली धुऊ नका, शिंतोड्यांतून जंतू ओट्यावर पसरतात.

चाळीस दिवसांत कोंबडी एवढी वाढते ती हार्मोनच्या इंजेक्शनांमुळेच, खरं का? (लोकमान्य नगर)

नाही. ही वाढ निवडक पैदाशीची आणि खाद्याची आहे. हजारो पक्ष्यांना रोज सुई टोचायला माणसं कुठून आणणार? पाकिटावर ‘हार्मोन-मुक्त’ छापून जास्त पैसे घेणं ही निव्वळ विक्रीची युक्ती आहे.

देपालपूरजवळ आमचं तीन हजार पक्ष्यांचं शेड आहे. दुकानदार म्हणतो, पहिल्या दिवसापासून पाण्यात पावडर टाका, मर होणार नाही. लॉट (एकत्र वाढवलेले पक्षी) विक्रीला उचलायच्या आदल्या दिवसापर्यंत दिली तर चालेल?

नाही चालणार. आणि ‘पावडर’ म्हणजे कोणती? आधी डब्यावरचं नाव वाचा. कोलिस्टिन हे अँटिबायोटिक असेल तर ते खाण्यासाठी पाळलेल्या जनावरांना देण्यावर केंद्र सरकारने जुलै २०१९ मध्येच बंदी घातली आहे. अतिदक्षता विभागात बाकीची औषधं हरली की डॉक्टर ज्या मोजक्या औषधांकडे वळतात, त्यांतलं ते एक. कोलिस्टिनला दाद न देण्याचा गुण एका जंतूकडून दुसऱ्याकडे सहज जाऊ शकतो, हे २०१५ मध्ये चीनमधल्या संशोधनातून उघड झालं. शेडमध्ये रोज थोडं थोडं औषध पाजलं की कमजोर जंतू मरतात, चिवट तेवढे उरतात आणि वाढतात. ते तुमच्या हातांवरून घरात येतात, कोंबडखतातून सोयाबीनच्या शेतात जातात. लोक ताटातल्या औषधाच्या अंशाला घाबरतात, मला त्याहून मोठी भीती या जंतूंची वाटते.

आता हिशेब बघा. औषध बंद केल्यापासून विक्रीपर्यंत किती दिवस थांबायचं, हे लेबलवर हवं. त्या जनावरासाठी तो काळ तपासून ठरलेला नसेल, तर नियमाप्रमाणे कोंबडीच्या मांसासाठी किमान २८ दिवस आणि अंड्यांसाठी ७ दिवस धरावे लागतात. तुमचा लॉट चाळिसाव्या दिवशी उचलला जात असेल, तर बाराव्या दिवसानंतर असं औषध देताच येत नाही. दुकानदाराने हे सांगितलं का?

शिवाय मर राणीखेत किंवा गंबोरो या आजारांनी होत असेल तर ते विषाणूंचे आजार आहेत, अँटिबायोटिकने विषाणूंचं काहीच बिघडत नाही. लस वेळेवर द्या, पक्ष्यांखाली अंथरलेलं तूस कोरडं ठेवा, पाण्याची लाईन धुवा, दोन लॉटमध्ये शेड रिकामं ठेवा. मर सुरू झाली तर चार दिवस वाट पाहू नका. त्याच दिवशी पशुवैद्याला बोलवा, ताजा मेलेला पक्षी पिशवीत घट्ट बांधून महूच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात तपासणीला न्या. आजार कोणता ते कळल्यावरच औषध, तेही चिठ्ठीवर आणि ठरलेल्या दिवसांपुरतं. ते वहीत तारखेसह लिहून ठेवा.

‘अँटिबायोटिक-मुक्त’ अंडी दुप्पट भावाने घ्यावीत का? (रामबाग)

विक्रेत्याकडे त्या मालाचा प्रयोगशाळेचा अहवाल मागा. दाखवला नाही तर त्या छापील शब्दांना जादा पैसे देऊ नका. पिवळाधमक बलक हाही पुरावा नाही, तो रंग खाद्यातून येतो.

चिकन खाऊन मुलाला जुलाब झाले. घरात मागच्या वेळच्या अँटिबायोटिक गोळ्या उरल्या आहेत, त्या देऊ का? (खातीवाला टँक)

अजिबात नाही. ओआरएस पाजत राहा आणि बालरोगतज्ज्ञांना दाखवा. ताप असेल, शौचात रक्त दिसलं किंवा लघवी कमी झाली तर आजच, उद्यावर टाकू नका.