आयआयएचमध्ये शंट बसवल्यावर डोकेदुखी पूर्ण थांबते का?

तुमच्या धाकट्या बहिणीला आयआयएच आहे, म्हणजे गाठ वगैरे काही नसताना डोक्यातल्या पाण्याचा दाब वाढलाय. नजर अधू होत चालल्यामुळे डॉक्टरांनी शंट, म्हणजे जास्तीचं पाणी वाहून नेणारी बारीक नळी, बसवायला सांगितलंय, आणि त्यानंतर तिचं डोकं दुखायचं थांबेल का, असं तुम्ही विचारलंय. मला हाच आजार आहे. काही वर्षांपूर्वी मेंदूतल्या पोकळीतून पोटात जाणारा शंट बसवला. थांबेलही, नाहीही थांबणार. मुळात हे ऑपरेशन डोळे वाचवण्यासाठी करतात, आणि हे तिला आधीच नीट सांगा. नाहीतर ऑपरेशननंतर पहिल्यांदा डोकं दुखलं की सगळं फुकट गेलं असं वाटून ती खचून जाईल.

शरीर रोज साधारण अर्धा लिटर हे पाणी तयार करतं, आणि आत एका वेळी असतं जेमतेम १५० मिली. त्यामुळे निचरा जरा मंदावला तरी दाब चढतो, कारण कवटी हाडाची, ती काही फुगत नाही. पाठीतून सुई घालून मोजलेला दाब मोठ्या माणसात पाण्याच्या २५ सेंटिमीटर उंचीच्या वर गेला की वाढलेला धरतात. हाच दाब डोळ्याच्या नसेभोवतीच्या आवरणात पोचतो आणि नस सुजते. मला वाकलं की काही क्षण अंधारी यायची, कानात नाडीबरोबर सूं-सूं आवाज यायचा. हे पाणी कमी तयार व्हावं म्हणून दिलेल्या असेटाझोलामाइडच्या गोळ्यांनी बोटांना मुंग्या यायच्या, सोड्याची पेयं बेचव लागायची. ते सगळं सोसलं असतं, पण फील्ड टेस्टमध्ये, म्हणजे नजर आजूबाजूला कुठवर पोचते त्या तपासणीत, नजरेच्या कडा जात चालल्या होत्या.

ऑपरेशननंतर डोक्यापेक्षा मला मान आणि पोट जास्त दुखलं. नळी कातडीखालून मानेतून, छातीवरून खाली नेतात, त्यामुळे ते दुखणारच, पण आधी कल्पना नसल्याने मी घाबरले होते. खोकताना पोटावर उशी दाबून धरायची, बराच आराम पडतो. टाके निघाले म्हणजे माणूस बरा झाला असं घरच्यांना वाटतं. थकवा मात्र त्यानंतरही कितीतरी दिवस राहतो. आवाज, उजेड, मोबाइलचा स्क्रीन काहीच सहन होत नाही. तिला झोपू द्या.

आता डोकेदुखीचं. किती दुखतंय यापेक्षा केव्हा दुखतंय ते बघा. उठून बसलं किंवा उभं राहिलं की दुखतं आणि आडवं पडलं की उतरतं, तर बहुतेक पाणी गरजेपेक्षा जास्त वाहून जातंय. आडवं असताना, पहाटे, खोकताना-वाकताना वाढतं, तर दाब पुन्हा चढत असण्याची शक्यता. एका वहीत वेळ आणि त्या वेळी ती बसली होती की झोपली होती, एवढंच लिहून ठेवायला सांगा. माझ्या अशा नोंदी बघूनच डॉक्टरांनी शंटच्या व्हॉल्व्हचं, म्हणजे किती पाणी वाहू द्यायचं ते ठरवणाऱ्या झडपेचं, सेटिंग बदललं. ते डोक्यावर बाहेरून चुंबकी उपकरण धरून करतात, पुन्हा चिरफाड नाही. काही व्हॉल्व्हचं सेटिंग एमआरआयच्या चुंबकाने हलतं, म्हणून एमआरआयनंतर ते तपासून घ्यायचं आणि व्हॉल्व्हचं कार्ड कायम जवळ ठेवायचं. (१९५०च्या दशकात अमेरिकेत जॉन होल्टर नावाच्या एका तंत्रज्ञाने डोक्यात पाणी साठलेल्या स्वतःच्या बाळासाठी सिलिकॉनचा व्हॉल्व्ह बनवला. हे वाचल्यापासून मानेवर हाताला लागणाऱ्या या नळीबद्दल मला मायाच वाटते.)

तिसरी डोकेदुखी मायग्रेनसारखी असते. दाब ताब्यात असला तरी ती येते, आणि तिचे उपचार वेगळे. रोज वेदनाशामक गोळ्या घेतल्या तर त्या गोळ्यांनीच डोकं दुखायला लागतं, इकडे लक्ष ठेवा. म्हणूनच डोकं शांत आहे एवढ्यावर निर्धास्त राहू नका, आणि दुखतंय म्हणजे शंट बिघडलाच असंही धरू नका. डोळ्याच्या नसेची तपासणी आणि फील्ड टेस्ट ठरल्या वेळी झालीच पाहिजे, बरं वाटत असलं तरी.

ताप, टाक्यांजवळ लाली किंवा स्राव, थांबत नाहीत अशा उलट्या, गुंगी, अचानक कमी झालेली नजर, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट न बघता हॉस्पिटल गाठा. जंतुसंसर्ग झालाच तर बहुधा पहिल्या काही महिन्यांत होतो. पुढे नळी तुंबूही शकते, मग पुन्हा ऑपरेशन लागतं. त्यात तिने काही चुकीचं केलेलं नसतं.

वजन जास्त असेल तर ते उतरवल्याने मूळ आजारच कमी होतो, हे खरं आहे. पण हे तिला डॉक्टरांनी सांगितलेलंच असणार. जेवायच्या ताटावर तुम्ही पुन्हा नका सांगू, सोबत चालायला जा. मुरुमांसाठी ती काही गोळ्या घेत असेल तर ते मात्र डॉक्टरांना आवर्जून सांगा. टेट्रासायक्लिन गटातली आणि ‘अ’ जीवनसत्त्वापासून बनलेली औषधं हा दाब वाढवू शकतात.

ऑपरेशनच्या आधी सर्जनना तीन गोष्टी विचारून लिहून घ्या: व्हॉल्व्ह कोणता बसवणार, तो बाहेरून बदलता येतो का, आणि रात्री त्रास झाला तर फोन कुणाला करायचा.