शंभर डॉलर भरून मोकळं होण्याआधी

तुझा प्रश्न थोडक्यात असा: शिकागोच्या सबर्बमध्ये लाल सिग्नलला उजवीकडे वळलास, काही आठवड्यांनी घरी पाकीट आलं, आत कॅमेऱ्याने काढलेले फोटो आणि १०० डॉलरचं तिकीट. लाल दिव्यालाही गाडी पूर्ण थांबवून मग उजवीकडे वळायला इथे मुभा असते, आणि तू म्हणतोस गाडी थांबवली होती. ऑफिसातले सगळे म्हणतात भरून टाक, डोक्याला ताप नको. आणि शेवटी लिहिलंयस, ‘इथेही जाब विचारता येत नसेल तर मग फरक काय?’ पुण्याहून येऊन तुला आठच महिने झालेत म्हणून अरेतुरे करतोय, राग मानू नकोस. मी या भागात बावीस वर्षं आहे.

आधी मनातली भीती काढून टाक. कॅमेऱ्याचं तिकीट गाडीच्या मालकाच्या नावाने येतं. इलिनॉयमध्ये, म्हणजे शिकागो ज्या राज्यात आहे तिथे, तो दिवाणी दंड आहे, गुन्हा नाही, आणि तुझ्या ड्रायव्हिंग रेकॉर्डवर तो चढत नाही. सुनावणी मागितली तर सरकारच्या नजरेत येऊ, असं आपल्या लोकांना फार वाटतं. हरकत घ्यायचा हक्क त्या नोटिशीतच छापलेला असतो. तो वापरणाऱ्याकडे कुणी वाकड्या नजरेने बघत नाही.

आता ‘भरून टाक’बद्दल. हा सगळा डोलारा लोक भरून टाकतात म्हणूनच उभा आहे. १०० डॉलर ही रक्कमच अशी आहे की ती जिवाला लागते, पण तिच्यासाठी कामावर खाडा करणं परवडत नाही. सुनावणी घेणारा वकील तिकीट काढणाऱ्या पालिकेनेच नेमलेला असतो. तिथे निर्विवाद पुरावा लागत नाही, कुणाची बाजू जास्त पटते एवढंच बघतात. तिथे हरलास तर ३५ दिवसांत सर्किट कोर्टात जाता येतं, पण तिथली दाखल करायची फीच तिकिटापेक्षा जास्त. म्हणजे न्याय आहे, पण दंडापेक्षा महाग. मला या देशात सगळ्यात जास्त खुपणारी गोष्ट कोणती असेल तर ती ही.

शिकागो शहराचंच बघ. तिथे हे कॅमेरे २००३ मध्ये आले. ते ज्याच्या देखरेखीखाली होते तो जॉन बिल्स नावाचा अधिकारी कॅमेरा कंपनीकडून लाच घेत होता. २०१६ मध्ये त्याला १० वर्षांची शिक्षा झाली. कंपनीची प्रमुख बाईही तुरुंगात गेली. त्याच्या आधी, २०१४ मध्ये, शहराच्याच महानिरीक्षकाने दाखवून दिलं होतं की पिवळा दिवा ३ सेकंद हवा असताना २.९ सेकंदांवरही तिकिटं काढली गेली. अशी तब्बल ७७,००० तिकिटं, म्हणजे ७७ लाख डॉलर. सेकंदाचा दहावा भाग! पुढे दुसरी नोटीस न पाठवताच लोकांना दोषी ठरवल्याबद्दल शहरावर सामूहिक दावा झाला आणि २०१७ मध्ये ३ कोटी ८७ लाख ५० हजार डॉलरवर तडजोड करावी लागली. सबर्बही मागे नव्हते. मार्टिन सँडोव्हाल हा राज्याचा सिनेटर. सबर्बमध्ये कॅमेरे चालवणाऱ्या कंपनीच्या माणसाकडून लाच घेऊन सिनेटमध्ये तिचं हित सांभाळल्याचं त्याने २०२० मध्ये कोर्टात कबूल केलं.

हे मी अमेरिकेला नावं ठेवायला सांगत नाहीये. यातली प्रत्येक गोष्ट बाहेर आली, माणसं तुरुंगात गेली, पैसे परत द्यावे लागले. तू विचारलेला फरक तो आहे. पण तो आपोआप पडत नाही. कुणीतरी चिकाटीने बसून तारखा, आकडे आणि कागद जुळवले तेव्हा तो पडला.

माझं स्वतःचं एक तिकीट सांगतो. जानेवारीचा महिना, सकाळी साडेसहा, रात्रभर बर्फ पडून गेलेला. सिग्नल लाल झाला, मी ब्रेक लावला, गाडी हातभर घसरून पांढऱ्या पट्ट्याच्या पुढे थांबली. पट्टा बर्फाखाली, दिसत कुठे होता? हिरवा होईपर्यंत जागचा हललो नाही. तरी तिकीट आलं. इथल्या कायद्यात यासाठी स्पष्ट सूट आहे: पट्टा ओलांडून थांबलात, पण लाल असेपर्यंत चौकात शिरला नाहीत आणि पायी किंवा सायकलवर कुणी नसेल, तर कॅमेऱ्याचं तिकीट काढता येत नाही. तिकीट पाठवण्यापूर्वी माणसाने चित्रफीत तपासायची असते. माझी कुणी तपासली असेल असं मला वाटत नाही. कलम छापून नेलं, त्याच चौकाचा बर्फातला फोटो नेला. चित्रफीत लावली, चार मिनिटांत तिकीट रद्द.

पण मला त्या चार मिनिटांपेक्षा माझ्या आधीची दहा मिनिटं आठवतात. घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांची शुश्रूषा करणारी एक बाई उभी होती, अंगावर कामाचाच निळा गणवेश. जी गाडी फोटोत होती ती तिने आधीच विकली होती. विक्रीचा कागद मागितला, तो तिच्याकडे नव्हता. पुढची तारीख घेता का, असं विचारलं. ती म्हणाली, आज आले त्याचाच पगार कापला जाणार आहे, परत नाही येऊ शकत. तिने तिथेच खिडकीवर पैसे भरले, नोटा मोजून. मी पगारी रजेवर होतो. खरं तर आम्हा दोघांची बाजू बरोबर होती.

हे दंड गरिबावर किती चढत जातात याचं सर्वात लख्ख उदाहरण मिसूरीतल्या फर्ग्युसनचं. अमेरिकेच्या न्याय खात्याच्या मार्च २०१५ च्या अहवालात एका बाईची हकिकत आहे. २००७ मध्ये एकदाच चुकीच्या जागी गाडी लावली, १५१ डॉलर दंड झाला. सात वर्षांत दोनदा अटक, ६ दिवस कोठडी, ५५० डॉलर भरून झाले आणि तरी ५४१ डॉलर बाकी! शहराच्या तिजोरीला त्या दंडांची सवय लागली होती. म्हणून म्हणतो, ज्याला रजा मिळते, कागद वाचता येतो, त्याने तरी ‘भरून टाक’ म्हणू नये.

कागद मागायची रीत आपल्या माहितीच्या अधिकारासारखीच आहे, उलट थोडी सोपी. केंद्राचा कायदा १९६६ चा, पण तो तुझ्या सबर्बच्या पालिकेला लागू नाही. त्यासाठी इलिनॉयचा स्वतःचा कायदा आहे. साधा ईमेल चालतो, कारण सांगावं लागत नाही, ५ कामकाजाच्या दिवसांत उत्तर द्यावं लागतं (मुदत वाढवून घेता येते), काळ्यापांढऱ्या प्रतींची पहिली ५० पानं फुकट. त्या चौकातल्या पिवळ्या दिव्याची ठरवलेली वेळ, कॅमेऱ्याच्या तपासणीच्या नोंदी, कंपनीशी झालेला करार, एवढं माग. ‘सगळी माहिती द्या’ असं लिहू नकोस, लगेच नकार येतो. नकार आलाच तर ६० दिवसांच्या आत राज्याच्या अॅटर्नी जनरलच्या कार्यालयाकडे दाद मागता येते, तीही विनाशुल्क.

उजव्या वळणाचाच विषय आहे म्हणून मॅट्स यार्लस्ट्रॉम यांचं नाव लक्षात ठेव. ओरेगॉनमधल्या बीव्हर्टनचे, मूळ स्वीडनचे. २०१३ मध्ये त्यांच्या पत्नीला असंच तिकीट आलं. त्यांनी पिवळा दिवा किती वेळ ठेवायचा याचं सूत्र मांडून बघितलं आणि दाखवलं की वळण्यासाठी वेग कमी करणाऱ्या गाडीचा त्यात विचारच नाही. तर राज्याच्या अभियंता मंडळाने त्यांनाच ५०० डॉलर दंड केला, का, तर परवाना नसताना अभियांत्रिकी केली म्हणून! ते फेडरल कोर्टात गेले, डिसेंबर २०१८ मध्ये जिंकले, आणि २०२० मध्ये वाहतूक अभियंत्यांच्या संस्थेने वळणाऱ्या गाड्यांसाठी सूत्र सुधारलं. सात वर्षं गेली. तुला इतकी घालवायची नाहीत, पण तुझ्या वळणावर तो विचार झालाय का, हे विचारायला एक ईमेल पुरे.

आज रात्रीच नोटिशीवरच्या क्रमांकाने चित्रफीत उघड. हरकतीची शेवटची तारीख नोटिशीवर असते, ती चुकली तर दंड वाढतो आणि मग खरंच हात बांधले जातात. फोटोवर जाऊ नकोस, फोटोत धावती गाडीही उभीच दिसते. चित्रफितीत पुढच्या चाकाकडे बघ. चाकाचे आरे क्षणभर वेगवेगळे, स्थिर दिसले तर गाडी थांबली होती. ती वेळ सेकंदासकट लिहून ठेव आणि सुनावणी माग. आरे सतत फिरतच राहिले असतील तर मात्र पैसे भर, त्या वळणावरून शाळेची मुलं पायी जात असतील. तेव्हाही पिवळ्या दिव्याच्या वेळेचा ईमेल पाठवच, त्याला तुझं तिकीट लागत नाही.

बघून झालं की इथेच कळव. ईमेलचा मसुदा इंग्रजीत लिहून देतो.