एका मनोऱ्याचं चर्च

भूकंप आणि दगडी बांधकाम यांवर गेल्या अंकात लिहिताना मनिला शहरातल्या सान अगुस्तिन चर्चचा ओझरता उल्लेख केला होता. त्यावर आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रांना इथे उत्तरं देतो आहे.

प्रश्न : सर, कंपनीच्या कामानिमित्त मनिलाला जाणं होतं. सान अगुस्तिन चर्च दोनदा पाहिलं. समोरून बघताना उजवीकडे मनोरा आहे आणि डावीकडे काहीच नाही. भूकंपात गेला, असं तिथे सांगतात. मग मनोरा गेला आणि चर्च कसं राहिलं? आणि सव्वाशे वर्षांहून अधिक काळ उलटला तरी तो परत का बांधला नाही? (कोथरूड, पुणे)

उत्तर : मनोरा पडला नाही, उतरवला. १८८० च्या जुलैमध्ये मनिलाला भूकंपाचे धक्के बसले, त्यात डावा मनोरा वरपासून खालपर्यंत चिरला. पुढच्या धक्क्यात तो लोकांच्या अंगावर आला असता, म्हणून काढून टाकला. त्यातली सुमारे ३,४०० किलो वजनाची घंटा आजही शेजारच्या मठाच्या प्रवेशाजवळ ठेवलेली आहे. पुढच्या वेळी तिच्याजवळ जरा थांबा. एवढं वजन टोकाला टांगलेला उंच, सडपातळ मनोरा जमीन हलल्यावर काय करत असेल, ते तिथे उभं राहिलं की लक्षात येतं.

उंच मनोऱ्याचा हेलकावा संथ आणि लांब पल्ल्याचा असतो. चर्चचं मुख्य दालन बुटकं आणि जाड, त्याचं हलणं आखूड आणि जलद. दोन्ही एकमेकांना चिकटून बांधलेली असतात आणि दोघांची चाल वेगळी, त्यामुळे चीर मनोऱ्यात किंवा सांध्यात पडते. फिलिपिन्समधल्या बांधणाऱ्यांनी हे अनुभवातून ओळखलं होतं. देशाच्या उत्तरेकडे पावाय गावात याच, म्हणजे ऑगस्टीनियन या ख्रिस्ती व्रतस्थांच्या पंथाचं एक चर्च आहे. तिथला पोवळ्याच्या दगडांचा घंटामनोरा चर्चपासून मुद्दाम अंतर राखून उभा आहे. मनोरा कोसळलाच तर एकटा कोसळेल. त्या चर्चला बाहेरून २४ प्रचंड आधारभिंती आहेत, एकेक १.६७ मीटर जाड, आणि त्यांच्या कडा पायऱ्यांसारख्या उतरत जमिनीला टेकतात. युरोपातल्या बरोक या भव्य, नक्षीदार शैलीला भूकंपाच्या प्रदेशात आल्यावर असं बसकं, रुंद बूड करून घ्यावं लागलं.

आता चर्च का राहिलं? 'भिंती जाड होत्या म्हणून' हे उत्तर तुम्हाला सर्रास ऐकायला मिळेल, आणि मला ते अजिबात मान्य नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीत जी घरं पडली त्यांच्या भिंतीही जाडच होत्या. नंतरच्या पाहणीत मी ती गावं पायी फिरलो आहे. मातीत रचलेल्या दगडांच्या दोन पापुद्र्यांची भिंत, मधे चिपांचा भराव, दोन्ही पापुद्र्यांना धरून ठेवणारा आरपार दगड जवळपास कुठेच नाही आणि वर मातीचं जड माळवद. धक्का बसताच पापुद्रे सुटले आणि माळवद झोपलेल्या माणसांवर आलं. जवळपास दहा हजार माणसं गेली. त्या भिंतींची जाडी कुणाला वाचवू शकली नाही. म्हणून कुठल्याही जुन्या दगडी इमारतीपुढे उभा राहिलो की मी आधी विचारतो : हिला बांधून कुणी ठेवलंय?

सान अगुस्तिनमध्ये याचं उत्तर आत गेल्यावर दोन्ही बाजूंना दिसतं. मधल्या दालनावर दगडी लदाव आहे, म्हणजे लांबच लांब कमानीचं छत. कमान भिंतींना सतत बाहेर ढकलत असते. ते ढकलणं झेलायला बाहेरून टेकू न लावता बांधणाऱ्यांनी दोन्ही बाजूंना छोट्या प्रार्थनाघरांची ओळ काढली, आणि दर दोन प्रार्थनाघरांमध्ये मुख्य भिंतीला काटकोनात एक भक्कम आडवी भिंत घातली. कपाटातले खण जसे दोन्ही फळ्यांना वाकू देत नाहीत, तसं या आडव्या भिंतींचं काम आहे. भाविकाला तिथे फक्त वेदी आणि मेणबत्त्या दिसतात. इमारतीचा खरा सांगाडा मात्र तोच आहे. दगडही काही आपल्या काळ्या पाषाणासारखा टणक नाही. मेकावायान, बिनांगोनान आणि सान मातेओ इथल्या खाणींतून आणलेला, ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेला मऊ दगड आहे तो. चुन्यात नीट बांधलेला मऊ दगड टिकतो आणि मातीत ठेवलेला कठीण दगड सुटतो. हे लातूर-उस्मानाबादच्या त्या गावांत फिरलेल्या कुणालाही पटेल.

तरी हे काही पहिल्या फटक्यात साधलेलं नाही. त्या जागेवरचं हे तिसरं चर्च. लेगास्पी या स्पॅनिश सेनानीने १५७१ मध्ये मनिला घेतली, तेव्हाचं पहिलं चर्च बांबूचं आणि ताडाच्या जातीच्या निपाच्या पानांनी शाकारलेलं होतं. १५७४ मध्ये लिमाहोंग या चिनी चाच्याने शहरावर हल्ला केला तेव्हा ते जळालं. दुसरं लाकडी होतं. १५८३ मध्ये गव्हर्नर रोंकिल्योच्या अंत्यविधीत मेणबत्तीची ज्योत शवपेटीभोवतीच्या कापडाला लागली आणि तेही गेलं. मग १५८६ मध्ये दगडात काम सुरू झालं. आखणी हुआन मासियासची. १६०७ मध्ये ते पुरं झालं.

३ जून १८६३ च्या भूकंपात मनिलाचं कॅथीड्रल कोसळलं आणि गव्हर्नरचा वाडा बसला. तटबंदीच्या आतल्या शहरात, म्हणजे इंत्रामुरोसमध्ये, फारशी इजा न होता उभी राहिलेली मोठी सार्वजनिक इमारत ही एकच. पुढे फेब्रुवारी १९४५ मध्ये जपानी आणि अमेरिकी सैन्यांच्या लढाईत इंत्रामुरोस बेचिराख झालं. तटाच्या आत सात चर्चं होती. सहा गेली, हे राहिलं. त्याचं श्रेय मात्र मी बांधणाऱ्यांना देणार नाही, तोफगोळ्यापुढे कुणाची आखणी चालत नाही. शेजारचा मठ जळालाच. त्या दिवसांत जपान्यांनी शहरातल्या शेकडो लोकांना याच आवारात डांबलं होतं आणि त्यांतले कित्येक जिवंत बाहेर आले नाहीत. इमारत वाचल्याचं कौतुक करताना हेही त्याच दमात सांगायला हवं.

मनोरा परत का बांधला नाही, या प्रश्नाबाबत मी माझं मत सांगतो : बांधूच नये. जिथे इमारतीने एकदा हात टेकले तिथेच पुन्हा वजन चढवणं इंजिनिअर म्हणून मला पटत नाही. आणि डावीकडची ती रिकामी जागा १८८० ची नोंद आहे, जशी आपल्याकडे जुन्या गोव्यातल्या से कॅथीड्रलची. त्याचा एक मनोरा १७७६ मध्ये कोसळला, तो आजतागायत बांधलेला नाही. गोव्याला जाणारे बहुतेक पुणेकर त्याच्यासमोर फोटो काढून येतात, पण दुसरा मनोरा कुठे गेला असं विचारणारे मला फार थोडे भेटले. तुम्ही मनिलात विचारलंत, याचा आनंद वाटला.

प्रश्न : मी आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला आहे. या चर्चच्या छतावरचं कोरीवकाम फोटोत फार सुंदर दिसतं. एवढं कोरीवकाम मऊ दगडात टिकलं कसं? आणि ही शैली स्पॅनिश म्हणायची की स्थानिक? (कर्वेनगर, पुणे)

उत्तर : ते कोरीवकाम नाहीच. रंगवलेलं आहे. १८७५ मध्ये चेझारे अल्बेरोनी आणि जोव्हानी दिबेल्ला या दोन इटालियन चित्रकारांनी छतावर छाया-प्रकाशाच्या जोरावर फुलं, चौकटी, उठावाच्या नक्ष्या अशा काढल्या की खालून त्या कोरल्यासारख्याच वाटतात. प्रत्यक्ष गेलात तर एकाच नक्षीकडे बघत दालनाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चाला. खरी सावली तुमच्याबरोबर बदलते, रंगवलेली बदलत नाही. दालनात टांगलेली मोठी झुंबरं पॅरिसहून आणलेली आहेत.

शैलीचा प्रश्न तुम्ही चांगला विचारलात, पण 'हे की ते' असं उत्तर त्याला नाही. ऑगस्टीनियन व्रतस्थ स्पेनहून थेट आले नाहीत, मेक्सिकोमार्गे आले. १५६५ पासून १८१५ पर्यंत अकापुल्को आणि मनिला यांच्यात गलबतांची ये-जा होती. चर्च कसं दिसावं याच्या कल्पना त्यांनी मेक्सिकोत बांधलेल्या चर्चांवरून आणल्या. दर्शनी भागावरचे दोन थरांतले जोडखांब युरोपचे. समोरच्या आवारात दगडी सिंह बसलेत ते अस्सल चिनी, कारण मनिलातले कितीतरी उत्तम कारागीर चिनी होते. फिलिपिन्समधल्याच पनाय बेटावरचं मियागाव गावचं चर्च नक्की अभ्यासा. १७९७ मध्ये पूर्ण झालेल्या त्या चर्चच्या दर्शनी भिंतीवर संत ख्रिस्तोफर बाळ येशूला घेऊन चालला आहे आणि हातात नारळाचं झाड धरलं आहे! आजूबाजूला पपई आणि पेरूची झाडं. तिथल्या पाथरवटाने आपलं परसच संताच्या भोवती उभं केलं. मनिला, पावाय, मियागाव आणि सांता मारिया इथली चार चर्चं १९९३ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत एकत्र गेली.

प्रकल्पाच्या वहीत एक गोष्ट अवश्य लिहा. स्पॅनिश अमलात १६ ते ६० वयाच्या फिलिपिनो पुरुषांवर वर्षाला ४० दिवसांची सक्तीची वेठ होती. जंगलातले ओंडके ओढणं, गलबतं बांधणं, रस्ते आणि चर्चं उभारणं, सगळं त्यात आलं. पुस्तकांत आखणी करणाऱ्याचं नाव येतं. खाणीतून दगड कुणी वाहिला हे विचारल्याशिवाय या इमारतींचा अभ्यास पुरा होत नाही, असं मी वर्गात नेहमी सांगत आलो.

प्रश्न : आमचं मूळ घर वसईचं, मी पुणे कॅम्पात वाढले. या चर्चचा आपल्या मुलखाशी काही संबंध लागतो का? (वानवडी, पुणे)

उत्तर : बाई, तुमच्या गावाचा तर फारच जवळचा संबंध लागतो. वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया मनिलातच फ्रान्सिस्कन पंथात बंधू म्हणून दाखल झाले. १५९३ मध्ये ते तिथून जपानला गेले. जपानी भाषा येत असल्यामुळे पेद्रो बाउतिस्ता या फ्रान्सिस्कन धर्मगुरूंचे दुभाषे म्हणून त्यांना नेलं होतं. म्हणजे हे वसईकर मनिलात राहत होते तेव्हा सान अगुस्तिनचं दगडी काम चालूच होतं. ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीत त्यांना इतर पंचवीस जणांबरोबर क्रुसावर चढवण्यात आलं. १८६२ मध्ये ते संत घोषित झाले, हे तुम्हाला मी सांगायला नको.

दुसरा संबंध लुटीचा आहे. १७६२ मध्ये इंग्रजांनी मनिला घेतली, ती मोहीम मद्रासहून निघाली होती आणि तिच्यात हिंदी शिपाई होते. सान अगुस्तिनचा मठ आणि त्याचं ग्रंथालय तेव्हा लुटलं गेलं. त्या शिपायांपैकी काही परतलेच नाहीत. मनिलाजवळच्या काइंता गावात संसार थाटून राहिले.

आणि तिसरा संबंध बघायला विमानाची गरज नाही. १५८० ते १६४० स्पेन आणि पोर्तुगालचा राजा एकच होता. त्याच काळात, १५९७ ते १६०२ मध्ये, याच ऑगस्टीनियन पंथाने जुन्या गोव्यात आपलं भव्य चर्च बांधलं. १८३५ मध्ये व्रतस्थांना गोव्यातून हाकललं आणि इमारत ओस पडली. १८४२ मध्ये लदाव कोसळला, १९३१ मध्ये दर्शनी भाग आणि मनोऱ्याचा अर्धा हिस्सा पडला. तिथे मनिलासारखे भूकंप झालेले नाहीत. कौल बदलणारं, सांध्यात चुना भरणारं, भिंतीत उगवलेला पिंपळ उपटणारं कुणी राहिलं नव्हतं. मनिलात मात्र व्रतस्थ त्याच आवारात राहत आले; १८५४ मध्ये लुसियानो ओलिवेरच्या देखरेखीखाली त्यांनी इमारतीची मोठी दुरुस्ती करून घेतली, आणि नऊच वर्षांनी १८६३ चा धक्का आला. माझ्या लेखी त्या दुरुस्तीचं मोल आडव्या भिंतींइतकंच आहे.

घंटांचं म्हणाल तर वसईच्या घंटा तुम्हाला घराजवळच भेटतील. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतल्यावर तिथल्या चर्चांच्या घंटा मराठी मुलखातल्या देवळांत आल्या. भीमाशंकरला एक आहे. वाईजवळ मेणवलीला कृष्णेच्या घाटावर एक आहे, तिच्यावर मेरी आणि बाळ येशूची आकृती आणि १७०७ हे साल अजून वाचता येतं. सकाळच्या तिरप्या उन्हात जा, अक्षरं ठळक दिसतात.