वाचकांचे प्रश्न: तान्ह्या बाळाचं वय शून्यच असतं

प्रश्न: नमस्कार. मी जावास्क्रिप्टमध्ये एक छोटी व्हॅलिडेशन लायब्ररी, म्हणजे भरलेली माहिती नीट आहे का ते तपासणारा कोड, लिहिलीय, जेमतेम दीडशे ओळींची. नंबर आहे का, तारीख आहे का, रिकामं तर नाही ना, अशी दहाबारा फंक्शन्स, सगळी ट्रू किंवा फॉल्स एवढंच सांगतात. मित्र म्हणतो झॉड किंवा जॉयसारखी लायब्ररी तयार मिळत असताना हा उपद्व्याप कशाला. शिवाय माझं 'रिकामं' तपासणारं फंक्शन मधूनच चांगल्या व्हॅल्यूला पण हाकलून देतं, ते का ते कळत नाहीये.

उत्तर: शेवटून सुरू करतो कारण ते दुखणं माझ्या ओळखीचं आहे. तुमचा कोड न बघता पैज लावतो, आत व्हॅल्यूच्या आधी उद्गारचिन्ह, म्हणजे 'नाही', लावून काम भागवलंय ना? जावास्क्रिप्टमध्ये शून्य, रिकामी स्ट्रिंग, नल (मुद्दाम ठेवलेलं 'काही नाही'), अनडिफाइन्ड (व्हॅल्यू दिलीच नाही), नॅन (नंबर न झालेलं काहीतरी) आणि फॉल्स हे सगळे एकाच माळेचे मणी, इफमध्ये घातले की सगळे खोटे. आमच्याकडे एका फॉर्ममध्ये वय सक्तीचं होतं आणि तान्ह्या बाळाचं वय कुणी शून्य टाकलं की फॉर्म म्हणायचा 'वय भरा', अरे भरलंय की! लोक बिचारे एक टाकून पुढे जायचे, आणि आमच्या डेटाबेसात शून्य वयाचं एकही बाळ कसं नाही हा प्रश्न आम्हाला पडायला कित्येक महिने गेले. तेव्हा फील्ड आलंच नाही, नल आलं आणि रिकामी स्ट्रिंग आली, या तीन गोष्टी नावं घेऊन वेगवेगळ्या तपासा, आणि शून्याला सुखाने आत येऊ द्या.

नंबरचं पण तसंच. नंबर फंक्शनला रिकामी स्ट्रिंग दिली की ते बिनदिक्कत शून्य देतं, आणि पार्सइंटला इंग्रजी आकड्यांत लिहिलेल्या '12' च्या मागून काहीबाही अक्षरं चिकटवून दिली तर तो १२ घेतो आणि बाकीचं गुपचूप गिळतो. नॅनचा अर्थच 'नंबर नाही', पण व्हॅल्यूचा प्रकार सांगणाऱ्या टाइपऑफला विचाराल तर म्हणेल नंबरच आहे. त्यामुळे स्ट्रिंगमधून नंबर करून झाला की शेवटी नंबर डॉट इजफायनाइट लावा, नॅन आणि इन्फिनिटी दोन्ही तिथेच अडकतात. तारखेत तर अजून मजा, २०२३ च्या फेब्रुवारीची ३१ तारीख वर्ष, महिना, दिवस असे आकडे देऊन मागितली की डेट तक्रार न करता ३ मार्च हातात ठेवतो. तारीख बनवल्यावर दिवस, महिना, वर्ष त्यालाच परत विचारायचं आणि आपण दिलेल्याशी जुळतंय का बघायचं, महिना शून्यापासून मोजतात ते लक्षात ठेवून.

आता ट्रू-फॉल्स. मला खरी अडचण इथे दिसते. सात फील्डपैकी तीन चुकले आणि लायब्ररी म्हणाली फॉल्स, तर फॉर्म भरणाऱ्याने काय करायचं? कुठे चुकलं ते पूर्ण वाटेसकट सांगा, म्हणजे 'ऑर्डरमधल्या दुसऱ्या वस्तूची संख्या', आणि पहिल्या चुकीला थांबू नका, सगळ्या गोळा करून एकदम द्या, नाहीतर माणूस एक सुधारतो, सबमिट करतो, दुसरी निघते, मग शिव्या देतो. आणि पास झालं तर साफ केलेली व्हॅल्यू परत द्या. तुम्ही 'पाच' ही स्ट्रिंग नंबर म्हणून पास केली आणि पुढच्याने मूळ स्ट्रिंगमध्येच एक मिळवला की सहा येत नाही, एक्कावन्न येतं.

मित्राचं म्हणणं टाइपस्क्रिप्टवाल्यांसाठी, म्हणजे जावास्क्रिप्टमध्ये व्हॅल्यूंचे प्रकार (टाइप) लिहून ठेवणाऱ्यांसाठी, बरोबर आहे, झॉडमध्ये स्कीमा, म्हणजे माहितीचा आराखडा, एकदा लिहिला की टाइप त्यातूनच निघतो, ते घरी करायला बसलात तर दीडशे ओळींत आटपायचं नाही. पण चारच तपासण्या हव्या असतील तर स्वतःचं ठेवा. २०१६ मध्ये लेफ्टपॅड नावाचं ११ ओळींचं पॅकेज एनपीएमवरून, म्हणजे जावास्क्रिप्टच्या तयार पॅकेजेसच्या कोठारातून, काढून घेतलं गेलं आणि त्यावर विसंबलेले जगभरातले बिल्ड कोसळले, तेही विसरू नका.

प्रश्न: पायथनमध्ये फोन नंबरसाठी रेजेक्समध्ये (मजकुराचा साचा तपासणारं सूत्र) आकडा ओळखायला बॅकस्लॅश डी वापरलाय. एकाने आकडे देवनागरीत टाइप केले, माझ्याकडे पास झाले आणि पुढच्या सिस्टीमने फेकले. असं कसं?

उत्तर: पायथन ३ मध्ये स्ट्रिंगवर बॅकस्लॅश डी म्हणजे युनिकोडमधला (सगळ्या लिपींच्या अक्षरांची संगणकी यादी) कुठल्याही लिपीचा दशमान आकडा, देवनागरी ९ पण चालतो, आणि इंट फंक्शन देवनागरी १२३ चा बरोबर एकशे तेवीस करून देतं. जावास्क्रिप्टचा बॅकस्लॅश डी मात्र फक्त इंग्रजी आकडे ओळखतो. त्यामुळे ब्राउझर एक म्हणतो, सर्व्हर भलतंच. रेजेक्सला आस्की फ्लॅग, म्हणजे फक्त इंग्रजी अक्षरं-आकडे धरायची सूचना, लावलात की पायथन पण तसाच वागेल, पण मी म्हणेन आधी देवनागरी आकडे बदलून घ्या आणि मग तपासा, टाइप करणाऱ्याने काही चुकीचं केलेलं नाही. इंट करून बदलू नका हां, सुरुवातीची शून्यं उडतील.

जाता जाता, नावात सगळी अक्षरंच आहेत का ते बघायला पायथनचं इजअल्फा वापरत असाल तर आजच काढा. 'कमल' पास होते आणि 'किरण' नापास, कारण वेलांटी हे युनिकोडच्या हिशोबात अक्षर नाही.

प्रश्न: ईमेल तपासायचा परफेक्ट रेजेक्स मिळेल का?

उत्तर: नाही, आणि शोधू पण नका. ॲटचं चिन्ह आहे, दोन्ही बाजूंना काहीतरी आहे, एकूण लांबी २५४ च्या आत आहे, एवढं बघा आणि मेल पाठवून लिंक क्लिक करून घ्या, पत्ता खरा आहे का ते फक्त तिथेच कळतं. नावातलं अधिक चिन्ह नाकारू नका, ते नियमात बसतं. आणि लांबी रेजेक्सच्या आधी तपासा, नंतर नाही, लांबलचक मजकुरावर रेजेक्स अडकून बसू शकतो. २० जुलै २०१६ ला स्टॅक ओव्हरफ्लो ही प्रोग्रामरांची प्रश्नोत्तरांची साइट ३४ मिनिटं बंद पडलं होतं, कारण काय तर कडेच्या स्पेस काढणारा एक साधासा रेजेक्स आणि एका पोस्टमध्ये सलग आलेल्या २०,००० च्या आसपास स्पेस.