पंधरा हजारांत घरी वर्कशॉप उभं करायचं तर आधी कोणती हत्यारं घ्यावीत?

तुम्ही जळगाव जिल्ह्यातल्या चोपड्याचे. घरामागे दहा बाय बाराची पत्र्याची खोली रिकामी आहे, हातात पंधरा हजार आहेत, आणि व्हिडिओ बघून यादीही तयार आहे: ग्राइंडर, ड्रिल, इन्व्हर्टर वेल्डिंग, थ्रीडी प्रिंटर. यातलं आधी काय घ्यावं, असं विचारलंय. मी भुसावळचा, नोकरी सांभाळून रविवारी खुडबूड करणारा. त्यामुळे हे उत्तर कारखानदाराचं नाही, हौशी माणसाचं समजा.

माझं म्हणणं असं की यादीतलं एकही मशीन आधी घेऊ नका. आधी वस्तू घट्ट धरून ठेवणारं सामान, मग कापणारं आणि फिरणारं. म्हणजे पहिला खर्च जड टेबलाचा आणि बेंच वाइसचा, म्हणजे टेबलाला बसवून वस्तू जबड्यात घट्ट धरणाऱ्या शिकंजाचा. घरच्या कामात हात कापतो, भोक तिरकं पडतं, ब्लेड तुटतं, त्याचं बऱ्याचदा कारण एकच असतं: वस्तू एका हाताने किंवा पायाखाली दाबून धरलेली असते. वाइस आली की साध्या हॅक्सॉने (धातू कापायची करवत) आणि घासायच्या कानशीनेसुद्धा सुबक काम होतं. वाइस नसेल तर महागडं मशीनही वाकडंच कापणार.

चार इंची ओतीव वाइस पुरते. दुकानात तिचे जबडे बंद करून उजेडाकडे धरा. मधून फट दिसली तर दुसरी मागा. पुढचा जबडा हलवून बघा, फार डुगडुगत असेल तर नको. बसवताना टेबलाच्या पायाच्या बरोबर वर बसवा, म्हणजे जोर फळीवर न येता जमिनीत जातो. उंची अशी ठेवा की सरळ उभं राहून हात दुमडला की कोपर जबड्याच्या पातळीला यावं. कानस चालवताना खांदे भरून येत नाहीत. ओतीव लोखंडावर हातोडी मात्र मारायची नाही, ते तडकतं.

टेबलासाठी नवं लाकूड घेऊ नका. आपल्याकडे गावोगाव धाब्याची, म्हणजे मातीच्या सपाट छताची, जुनी घरं पाडली जाताहेत. त्यातल्या सागवानी तुळया आणि कड्या नव्या सागापेक्षा बऱ्याच कमी भावात मिळतात, आणि ते लाकूड कित्येक वर्षं वाळलेलं असतं. पावसाळ्यात घेतलेली नवी फळी आपल्या एप्रिल-मेच्या उन्हात आडवी आकसते आणि भेगाळते. लांबीत फारसा फरक पडत नाही, रुंदीत पडतो, म्हणून रुंद फळ्या जोडताना स्क्रूची भोकं थोडी लांबट ठेवावीत. जुन्या लाकडाची एकच कटकट, आत मोडलेले खिळे असतात. जुन्या स्पीकरचा लोहचुंबक दोऱ्याला बांधून लाकडावरून फिरवा, खिळा असेल तिथे तो ओढ घेतो. हे न करता रंधा मारलात तर पात्याला खांडी पडल्याच म्हणून समजा. आणि फेव्हिकॉलचं काम सकाळी लवकर किंवा दिवस मावळल्यावर. मेच्या दुपारी जोड नीट बसवेपर्यंत वर साय धरलेली असते.

टेबल, वाइस, हॅक्सॉ, दोन कानशी (एक चपटी, एक अर्धगोल, दोन्हींना मूठ हवीच), गुण्या (काटकोन बघायला), टेप, सेंटर पंच (भोकाची खूण ठोकायला), हातोडी, पक्कड, करवत, पटाशी (लाकडाची छिन्नी) आणि व्होल्टेज वगैरे मोजायचा साधा मल्टिमीटर. एवढ्यात तुमचे सहा-सात हजार जातील. हॅक्सॉचं ब्लेड घालताना दात पुढच्या बाजूला. पातळ पत्रा किंवा पाइप कापायचा तर इंचाला ३२ दातांचं, जाड पट्टीला २४ चं. हिशोब सोपा आहे, कापताना निदान तीन दात धातूवर टेकलेले हवेत, नाहीतर ब्लेड अडकून दात उडतात.

पहिलं मशीन घ्यायचं ते ड्रिल. वायरचं, १३ मिमी चकचं (चक म्हणजे बिट पकडणारा भाग), वेग कमी-जास्त करता येणारं. बॅटरीचं ड्रिल लोडशेडिंगमध्ये कामाला येतं हे खरं, पण बहुतेक लिथियम सेल ४५ अंशांच्या वर चार्ज करू नयेत असं असतं, आणि तुमची खोली पत्र्याची आहे. मेमध्ये बाहेरच ४४-४५ असतं, पत्र्याखाली काय होत असेल ते तुम्हीच सांगा. पुढे कधी घेतलंच तर बॅटरी रात्री घरात चार्ज करा, खोलीत ठेवू नका. थ्रीडी प्रिंटरचंही तेच. नवशिका ज्या पीएलए नावाच्या प्लास्टिकने सुरुवात करतो ते ६० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतं. उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत पीएलएचा मोबाइल स्टँड मान टाकतो. पीईटीजी हे दुसरं प्लास्टिक त्यापेक्षा बरं, ते ८० च्या आसपास टिकतं. पण प्रिंटर पहिल्या पंधरा हजारांत नकोच, त्यात सगळं बजेट संपेल आणि प्रिंट झालेल्या तुकड्याला भोक पाडायला ड्रिल उरणार नाही. वेल्डिंग गल्लीतल्या फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घ्या. लेथचं कामही (धातू फिरवत ठेवून गोल कापणं) बाहेरूनच, जळगाव एमआयडीसीच्या बाजूला असं टर्निंग करून देणारे मिळतात.

ग्राइंडर नंतर घ्या, पण घ्याल तेव्हा थोडं थांबून हे वाचा. चार इंची ग्राइंडर मिनिटाला ११ हजारांच्या आसपास फेरे घेतो. डिस्कवर छापलेला वेग मशीनच्या वेगापेक्षा जास्तच हवा. मधल्या धातूच्या कडीवर मुदतही छापलेली असते, ती बघायची. गार्ड काढून मोठी डिस्क बसवायची नाही, आणि लाकूड कापायचं दातेरी पातं तर याला कधीच लावायचं नाही, कोणी कितीही व्हिडिओ दाखवो. उन्हाळ्यात आपण तोंडाला रुमाल गुंडाळून फिरतो. ड्रिल-ग्राइंडरसमोर तो आधी काढून ठेवायचा, टोक चकमध्ये गेलं की मान ओढली जाते. आणि घरात कापूस भरून ठेवलेला असेल, भाव येईपर्यंत आपल्याकडे कितीतरी घरांत असतोच, तर त्या दिवसांत त्या खोलीजवळ ग्राइंडर नको. ठिणगी लांब उडते आणि कापसात आत शिरून धुमसत राहते, लगेच दिसत नाही. आणखी एक म्हणजे ग्राइंडरचा आवाज झाला की गल्लीतलं कोणीतरी ‘काय करी ऱ्हायना भाऊ?’ म्हणत डोकावणारच. दारात माणूस दिसला की आधी मशीन बंद, मग गप्पा.

भुसावळात राहतो म्हणून हेही सांगतो: ऐरण म्हणून रुळाचा तुकडा भंगारातून आणा असा सल्ला तुम्हाला मिळेल. काम उत्तम देतो, पण रेल्वेची मालमत्ता बेकायदा बाळगण्याविरुद्ध १९६६ चा स्वतंत्र कायदा आहे. लिलावातल्या मालाची पावती नसेल तर हात लावू नका. जाड लोखंडी ठोकळा तेवढंच काम करतो.

आता ही हत्यारं घेऊन करायचं काय? पक्षीघर, मोबाइल स्टँड वगैरे सोडा. आपल्याकडे पहिलं काम कूलरचं. टाकीतलं पाणी संपतं, कोणाच्या लक्षात येत नाही, पंप कोरडा फिरतो आणि जळतो. यावर एक साधा उपाय आहे, पाणी संपलं की पंप आपोआप बंद करायचा, आणि त्यात वरची बरीचशी हत्यारं वापरात येतात.

एक छोटा फ्लोट स्विच (पाण्याच्या पातळीवर चालू-बंद होणारा), १२ व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर, १२ व्होल्टचा रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच), एक १एन४००७ डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा), एवढंच सामान. जळगावला गोलाणी मार्केटमध्ये चौकशी करा, नाहीतर ऑनलाइन. फ्लोट स्विचमध्ये दांडीच्या आत काचेतला बारीक रीड स्विच असतो आणि तरंगत्या गोळ्यात लोहचुंबक, चुंबक जवळ आलं की स्विच जोडला जातो. हा स्विच नाजूक, म्हणून २३० व्होल्ट त्यातून न्यायचे नाहीत. अ‍ॅडॅप्टरचा प्लस फ्लोट स्विचमधून रिलेच्या कॉइलला, दुसरं टोक मायनसला. पंपाची फेज रिलेच्या कॉमन आणि एनओ (एरवी सुटलेलं, रिले ओढला की जोडलं जाणारं) टोकांमधून. पाणी आहे तोवर स्विच जोडलेला, रिले ओढलेला, पंप चालू. पाणी उतरलं की सगळं सुटतं. पाण्यात फक्त १२ व्होल्ट, मेनची वायर बाहेरच्या बंद डबीत. डायोड कॉइलला उलटा लावायचा, पट्टीची बाजू प्लसकडे, नाहीतर रिले सुटताना निघणारा झटका तो छोटा स्विच हळूहळू खातो. गोळा खाली असताना स्विच जोडला जातो की तुटतो, हे आधी मल्टिमीटरच्या बझरवर बघा. उलटं निघालं तर बहुतेक स्विचांत गोळा काढून उलटा घातला की काम होतं.

टाकीला भोक पाडू नका. अ‍ॅल्युमिनियमची पट्टी वाइसमध्ये काटकोनात वाकवून टाकीच्या काठाला अडकवा आणि स्विच तिला लावा. पट्टीत भोक पाडताना आधी सेंटर पंच, खाली लाकडाचा तुकडा, आधी बारीक बिट मग मोठा. पातळ पट्टी मोठ्या बिटाला अडकून गरकन फिरते, म्हणून तीही वाइसमध्येच. स्विच पंपाच्या तोंडापेक्षा दोन बोटं वर राहिला पाहिजे. बोअरच्या पाण्याचा क्षार गोळ्यावर बसून तो अडकतो, महिन्यातून एकदा लिंबूसत्त्वाच्या पाण्यात बुडवून ठेवा.

हे करण्याआधी मल्टिमीटरने खोलीतल्या सॉकेटचं अर्थिंग तपासा. फेज ते न्यूट्रल आणि फेज ते अर्थ, दोन्हीकडे जवळजवळ सारखं व्होल्टेज यायला हवं. दुसरीकडे कमी किंवा काहीच आलं नाही तर वायरमनला बोलवा, आणि त्याच खेपेला ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी (करंट गळायला लागला की वीज तोडणारा स्विच) बसवून घ्या. मीटरवर आकडा बरोबर आला तरी अर्थिंग भार पेलेल याची खात्री तोच देईल. पत्र्याचा कूलर, ओली फरशी आणि अनवाणी मुलं असलेल्या घरात हा खर्च ड्रिलच्याही आधीचा. उरलेल्या पैशांतून चांगले ड्रिल बिट, चष्मा आणि स्क्रूंची डबी घ्या. ग्राइंडर दिवाळीनंतर बघू, तोवर वाइस टेबलाच्या कुठल्या कोपऱ्याला बसवताय ते खोलीचा फोटो टाकून इथेच विचारा.