वाचक विचारतात : वेल्सची पहिली महिला खासदार

गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्यानंतर आपल्याकडे त्यांची मुलगी शशिकलाताई काकोडकर आल्या. वेल्समधली पहिली महिला खासदारही ब्रिटनच्या पंतप्रधानांची मुलगीच होती. मग तिचं स्वतःचं कर्तृत्व किती? (फोंडा)

मेगन लॉइड जॉर्ज यांना 1929 मध्ये वेल्समधल्या अँगलसी बेटाची लिबरल पक्षाची उमेदवारी वडिलांच्या नावामुळे सोपी गेली, हे नाकारण्यात अर्थ नाही. मात्र ताई 1973 मध्ये भाऊसाहेब गेल्यावर मुख्यमंत्री झाल्या. मेगन निवडून आल्या तेव्हा वडील डेव्हिड लॉइड जॉर्ज त्याच सभागृहात बसत होते. एकविशीच्या पुढच्या सगळ्या बायकांना मत देता आलं ती ही पहिलीच सार्वत्रिक निवडणूक. 1945 मध्ये वडील वारले. त्यानंतरही अँगलसी 1951 पर्यंत मेगन यांच्याकडेच होतं. त्या वेल्श बोलणाऱ्या, आणि अँगलसीत घरोघरी वेल्शच चालायची.

त्यांनी पक्ष बदलला होता ना? म्हणजे आपल्यासारखंच? (म्हापसा)

नाही हो! इथे आमदार निवडून येतो एका चिन्हावर आणि जागेसकट दुसरीकडे जातो. मेगन 1951 मध्ये लिबरल म्हणून अवघ्या 595 मतांनी हरल्या आणि 1955 मध्ये लेबर म्हणजे मजूर पक्षात गेल्या तेव्हा त्यांच्याकडे जागाच नव्हती. फेब्रुवारी 1957 मध्ये वेल्समधल्याच कारमार्दनची पोटनिवडणूक लागली. इजिप्तमधल्या सुएझ कालव्यासाठी ब्रिटनने केलेल्या लष्करी कारवाईला मेगन यांचा विरोध होता, लिबरल उमेदवाराचा पाठिंबा. पूर्वी लिबरलांकडे असलेली ती जागा मेगन यांनी लेबरसाठी जिंकली. गंमत म्हणजे भाऊ ग्विलिम उलट्या दिशेला गेले. 1954 मध्ये ते हुजूर पक्षाच्या सरकारात गृहमंत्री झाले.

गोवा महाराष्ट्रात जावा की वेगळा राहावा यावरच्या आपल्या ओपिनियन पोलसारखं मतदान वेल्समध्ये झालं का? (डिचोली)

मेगन यांच्या हयातीत नाही. वेल्सच्या प्रश्नांवरची संसदेतली पहिली स्वतंत्र चर्चा 1944 मध्ये त्यांनीच सुरू केली होती. वेल्सला स्वतःची संसद मिळावी या मोहिमेच्या त्या अध्यक्ष होत्या. 1956 मध्ये सुमारे 2 लाख 40 हजार सह्यांचा अर्ज संसदेत गेला. पण लेबरमधल्या बहुतेकांनाच ती मागणी नको होती, त्यामुळे अर्ज तसाच पडून राहिला. मे 1966 मध्ये मेगन वारल्या. जुलैच्या पोटनिवडणुकीत त्यांच्या जागेवर ग्विनफोर एव्हन्स निवडून आले, ते प्लाइड कम्री या राष्ट्रवादी पक्षाचे पहिले खासदार. गोव्याचा कौल त्यानंतर सहाच महिन्यांनी, 16 जानेवारी 1967 ला झाला. वेल्सला स्वतःची विधानसभा हवी का यावरचा तिथला पहिला कौल 1979 मध्ये, आणि त्यात लोकांनी चक्क नकार दिला. होकार मिळाला तो 1997 मध्ये, सात हजारांहून कमी मतांच्या फरकाने.